गिटार पिशवीतून बाहेर काढू द्या

माझ्या भाचीच्या डाव्या हाताच्या चार बोटांची टोकं आता घट्ट झाली आहेत. चिमटा काढला तरी तिला कळत नाही. पोलादी तारा दाबून दाबून आधी तिथं फोड आले, मग कातडं निघालं, मग घट्टे पडले. तिच्या आईचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, त्या बोटांकडे बघून अजून जीव तुटतो. "उद्या बघायला आले आणि हात बघितला म्हणजे काय सांगायचं, ताई?" असं तिनं मला एकदा विचारलं. आमच्या आजीच्या तळहातालाही घट्टे होते, जात्याच्या खुंट्याचे. त्या हातांच्या आम्ही सगळे पाया पडत आलो. कष्टानं पडलेला घट्टा कुणासाठी आहे, यावर त्याची अब्रू ठरते, हे मला तेव्हा लख्ख दिसलं. घरासाठी पडला तर पुण्याई, स्वतःसाठी पडला तर काळजी.

गेल्या हिवाळ्यात आमच्या कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात तिच्या बँडचं वादन मधेच बंद पाडण्यात आलं. चौघी मुली: एक गाते, एक बास वाजवते, एक ड्रमवर, आणि भाची गिटारवर. बँडचं नाव मी इथं देत नाही, कारण मुलींनीच तसं सांगितलं आहे. निवड फेरीत त्यांना रीतसर घेतलं होतं. पहिलं गाणं झालं, टाळ्या पडल्या. दुसरं त्यांचं स्वतःचं, मराठीतलं. घराबाहेर पडताना मुलीला जे प्रश्न विचारले जातात त्यांचीच ती यादी. कुठं निघालीस, कोण कोण आहे, ओढणी कुठाय, किती वाजता येणार. चाल अशी नाहीच, जवळजवळ ओरडूनच म्हणायचं. दीड-दोन मिनिटं झाली असतील. कुणीतरी जाऊन मिक्सरवरच्या पोराच्या कानात काही सांगितलं आणि स्पीकर गप्प झाले. ड्रमला त्या सभागृहात माईकची गरज नव्हती, म्हणून तो तेवढा वाजत राहिला. मग त्या पोरीनं मान वर करून बघितलं आणि काठ्या मांडीवर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी पालकांना बोलावणं आलं. बहीण एकटी जायला घाबरली, म्हणून मी सोबत गेले. अर्धा तास बोलणं झालं. फाटकी जीन्स, कापलेले केस, मुलींच्या तोंडी न शोभणारे शब्द, समोर बसलेले पाहुणे, मोबाईलवर फिरणारा व्हिडिओ. अर्ध्या तासात वादनाबद्दल एक अक्षर निघालं नाही. परत येताना गाडीवर मागं बसलेली भाची बराच वेळ गप्प होती. मिरजकर तिकटीच्या अलीकडे म्हणाली, "मावशी, दुसऱ्या गाण्यात मी दोनदा चुकलो होतो. त्यातलं कुणी काहीच बोललं न्हाई."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे मुली 'मी आलो', 'मी चुकलो' असंच बोलतात. माझी आईही तसंच बोलायची. त्यात कोल्हापुरात कुणालाही काही वावगं वाटत नाही. पुरुषांचं क्रियापद आम्ही बायकांनी पिढ्यान् पिढ्या बिनधास्त वापरलं, आणि त्या क्रियापदाच्या आड संस्कृती कधी आली नाही. गिटारच्या आड ती का यावी, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की या शहरानं मुलींना चारचौघांत चुकण्याची, बेसूर होण्याची, आवाज करण्याची मोकळीक दिली पाहिजे, आणि चुकल्यावर त्यांच्या कपड्यांबद्दल न बोलता त्यांच्या चुकीबद्दल बोललं पाहिजे.

मी स्वतः गाणं शिकलेली बाई आहे. पंधरा वर्षं शिकले आणि त्यातली बरीचशी वर्षं मैफलीत मागं बसून तानपुरा धरला. तानपुऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. षड्ज-पंचमाच्या त्या झंकारात तासन्‌तास बसायला मिळणं हे भाग्यच आहे. पण गुरुजी म्हणायचे, अजून तयारी नाही. ते खरंही होतं. जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम म्हणजे गंमत नव्हे. तयारी झाली असं वाटेपर्यंत लग्न झालं, दोन बाळंतपणं झाली, सासऱ्यांचं आजारपण झालं, आणि मी पुढं कधी बसलेच नाही. माझ्या बरोबरीच्या किती जणींचं असं झालं ते मोजत बसले तर हा लेख इथंच संपेल.

म्हणून भाचीनं पहिल्यांदा मला गिटारवर काय वाजवते ते दाखवलं तेव्हा मी चकित झाले. जाड तारेवर पहिलं बोट, शेजारच्या तारेवर दोन फ्रेट पुढं तिसरं बोट, बाकीच्या तारा दाबून मुक्या केलेल्या. आणि उजव्या हाताचा एक फटकारा. याला पॉवर कॉर्ड म्हणतात. मी कान देऊन ऐकलं आणि हसू आलं. षड्ज आणि पंचम, म्हणजे सा आणि प! गंधार, म्हणजे ग, नाहीच. कोमल नाही, शुद्ध नाही. अँपचा, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राचा, आवाज मुद्दाम फाडला की त्यात गंधार टिकत नाही, घाण होतो, म्हणून तो वगळायचा. पन्नास वर्षं जगभरातली पोरं जो कर्कश आवाज काढून आईबापांना हैराण करत आली, त्याच्या मुळाशी माझ्या तानपुऱ्यातलेच दोन स्वर आहेत. फरक एवढाच की तानपुरा दुसऱ्याच्या गाण्यामागं वाजतो आणि हा आवाज पुढं येऊन उभा राहतो. दोन बोटांची ही एकच ठेवण तारेवर खालीवर सरकवायची. तीन जागा सापडल्या की एक गाणं उभं राहतं. शिकायला एक दुपार पुरते.

पंक नावाचं बंडखोर रॉक संगीत म्हणतात ते हेच. तयारी होईपर्यंत थांबू नका, आज जेवढं येतंय तेवढ्यात जे बोलायचंय ते बोला. मुलांसाठी ही एक फॅशन होती. मुलींसाठी मात्र थांबायला लावणाऱ्या सगळ्या व्यवस्थेवरच तो घाव होता. १९७६ साली लंडनमध्ये 'द स्लिट्स' हा मुलींचा बँड निघाला तेव्हा त्याची गायिका अॅरी अप फक्त चौदा वर्षांची होती. थोड्याच दिवसांत त्यात आलेली गिटारवादक व्हिव्ह अल्बर्टिन विशी ओलांडलेली, कलाशाळेत शिकणारी. आजीनं मागं ठेवलेल्या दोनशे पौंडांतून तिनं गिटार विकत घेतली, आणि ती घेतली तेव्हा तिला ती वाजवता येत नव्हती. १९७९ मध्ये पहिला अल्बम आला. त्याच्या वेष्टनावर तिघी जणी अंगाला चिखल फासून, कमरेला नुसतं फडकं गुंडाळून उभ्या होत्या. त्यावर गदारोळ झाला. मला स्वतःला ते चित्र भावत नाही, हे प्रांजळपणे सांगते. पण अल्बम ऐकल्यावर माझं त्या चित्राकडे लक्ष राहिलं नाही. अल्बर्टिनची गिटार जागोजाग मोकळी जागा सोडते, चिरकते, थबकते. कुठल्याही पुरुषाची नक्कल न करता वाजवायचं ठरवल्यावर हात कसा चालेल, हे शोधणारा तो हात आहे. चुकत चुकत शोधलेला.

आता मॉस्कोची गोष्ट, कारण ती मला फार लागली आहे. २१ फेब्रुवारी २०१२ रोजी 'पुसी रायट' या पंक गटाच्या पाच जणी रंगीत लोकरी टोप्यांनी चेहरे झाकून तिथल्या ख्राइस्ट द सेव्हियर कॅथेड्रलमध्ये शिरल्या. रशियाच्या अध्यक्षपदाची निवडणूक दोन आठवड्यांवर आली होती आणि चर्चच्या प्रमुखांनी पुतिन यांच्या कारकिर्दीला देवाचा चमत्कार म्हटलं होतं. या मुलींनी मेरीमातेलाच साकडं घातलं की, माते, पुतिनला हाकलून लाव. एक मिनिटही झालं नसेल, रखवालदारांनी त्यांना बाहेर काढलं. तिघींवर खटला चालला आणि १७ ऑगस्टला धार्मिक द्वेषातून केलेल्या गुंडगिरीसाठी दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली. त्यातली एक येकातेरिना सामुत्सेविच. शिक्षणानं संगणक प्रोग्रॅमर, वय तिशीच्या घरात. गिटार तिच्याकडे होती. ऑक्टोबरमध्ये अपिलात तिची शिक्षा स्थगित झाली आणि ती सुटली. मुद्दा कोणता? रखवालदारांनी तिला धरलं तेव्हा तिनं गिटार अजून पिशवीतून बाहेरही काढली नव्हती, म्हणून प्रत्यक्ष कार्यक्रमात तिचा भाग नव्हता! उरलेल्या दोघी डिसेंबर २०१३ पर्यंत कैदेत राहिल्या. २०१८ मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं रशियानं त्यांच्या अभिव्यक्तीच्या हक्काचा भंग केल्याचा निकाल दिला. तोवर ती वर्षं गेली होती.

मी त्या पिशवीचा फार विचार करते. चेन ओढली की नाही एवढ्यावर एका बाईचं स्वातंत्र्य ठरलं. गिटार आत असेपर्यंत ती निर्दोष, बाहेर आली की गुन्हेगार. आपण आपल्या मुलींना रोज हाच हिशेब शिकवतो. शिक, पण दाखवू नको. क्लास लाव, पण स्टेजवर नको. स्टेजवर जायचंच तर भावगीत म्हण. पिशवीतली गिटार कुणालाच खुपत नाही.

देवळात असं करावं का, हा प्रश्न माझ्या बहिणीनं मला विचारलाच. मी सांगितलं, मी केलं नसतं. कुणी आपल्या अंबाबाईच्या देवळात, आरतीच्या वेळी, अँप लावून उभं राहिलं तर पुजाऱ्यांनी त्यांना बाहेर काढणं मला योग्यच वाटेल. तिथं डोळे मिटून उभ्या असलेल्या म्हातारीचा त्या शांततेवर हक्क आहे. बाहेर काढा, दंड करा. दोन वर्षांचा तुरुंग हे उत्तर नव्हे. आणि देवीला असलं साकडं घालणं हे आपल्याला परकं आहे असंही कुणी म्हणू नये. एकनाथांच्या भारुडातली सून भवानीला रोडगा कबूल करते आणि सासरच्या एकेकाला माझ्या वाटेतून दूर कर म्हणते. चारशे वर्षं आपण ते देवळांत, जत्रांत, शाळांत हसत हसत ऐकत आलो. बाईनं देवीपुढं उभं राहून सत्तेविरुद्ध गाऱ्हाणं घातलं तर देवी बाटत नाही, हे नाथांना कळलं होतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये आपल्याच शहरात बायकांनी गाभाऱ्यात जावं की नाही यावरून केवढा ताण होता, आणि आत गेलेल्या कार्यकर्तीला धक्काबुक्की झाली, हे आपण विसरलेलो नाही. तिच्या हातात गिटारही नव्हती.

"हे आपलं नाही" हा दुसरा आक्षेप. त्या दिवशीच्या अर्ध्या तासात तो चार वेळा आला. आपलं म्हणजे काय? पेटी युरोपातून आली. आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दारात उभं केलं नाही. आज पेटीशिवाय भजन होतं का? फुटबॉल कुठून आला? तालीम मंडळांच्या सामन्याला शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा कुणी त्याचं मूळ विचारत नाही. तारेचं वाद्य घेतलेली बाई तर या मातीत जुनीच आहे. यल्लम्माच्या वाटेवर जोगतिणी चौंडकं वाजवत गेल्या. खाली कातडं, वर ताणलेली एक तार, आणि ती छेडत म्हटलेली गाणी. त्या बायकांचं आयुष्य कसं पिळून निघालं हे विसरून मी त्या वाद्याचं कौतुक करणार नाही. शाहू महाराजांनी १९२० मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला तो उगीच नव्हे. पण बाईच्या हातात तार पाहून दचकणाऱ्या कोल्हापूरकराला एवढं तरी आठवावं.

आणि आठवायचंच तर नीट आठवू. बाबूराव पेंटरांनी इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० च्या 'सैरंध्री'त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांना दिल्या. तेव्हा पडद्यावर पुरुष लुगडं नेसत होते आणि सिनेमात काम करणारी बाई म्हणजे वाया गेलेली, असं शहाणीसुरती माणसं उघड म्हणत होती. आज आपण कोल्हापूरला कलानगरी म्हणतो ती त्या बायकांच्या जिवावर. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी इथं राहिले. त्यांची गायकी पुढं नेणाऱ्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर, दोघी गोव्याच्या कलावंत घराण्यांतल्या. आठ वर्षांच्या केसरबाई काही महिने कोल्हापुरात राहून अब्दुल करीमखाँसाहेबांकडे शिकल्या होत्या. सभ्य घरातल्या मुलींनी ज्यांच्यासारखं गाऊ नये असं सांगितलं जायचं, त्याच केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. आपल्या संस्कृतीचा जो भाग आपण अभिमानानं पाहुण्यांना दाखवतो, तो त्या त्या काळी वादग्रस्त असलेल्या बायकांनी घडवलेला आहे.

हे शहर मुलींच्या पाठीशी उभं राहत नाही असं मी म्हणत नाही. उलट याच शहरानं मला सगळ्यात जास्त कोड्यात टाकलं आहे. कावळा नाक्यावर ताराराणी घोड्यावर बसली आहे, हातात तलवार. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला रायफल नेमबाजीत विश्वविजेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलानं सुवर्ण घेतलं. आपल्या पोरी कुस्तीच्या आखाड्यात उतरतात, मर्दानी खेळात दांडपट्टा फिरवतात, आणि आपण छाती फुगवून बघतो. तलवार चालते, रायफल चालते, पिस्तूल चालतं. मग सहा तारांचं एक लाकूड का खुपतं?

पुष्कळ दिवस विचार केल्यावर मला याचं उत्तर असं सापडलं. तलवार आणि रायफल आपल्यासाठी आहेत. राज्यासाठी, देशासाठी, गावाच्या नावासाठी. पोरगी जिंकून आली की तो विजय आपला होतो, जीपमधून मिरवणूक काढता येते. गिटार घेऊन ओरडणारी पोरगी कुणासाठी काही जिंकत नाही. ती फक्त तिला काय वाटतं ते सांगते, आणि बहुतेक वेळा ते आपल्याबद्दलच असतं. त्या दुसऱ्या गाण्यातले प्रश्न माझ्या बहिणीचे होते. त्यातले दोन माझेही होते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला. कान गरम झाले. मग रात्री अंथरुणात पडल्या पडल्या लक्षात आलं की मी ते प्रश्न रोज विचारते आणि तिच्या उत्तराकडे माझं लक्ष नसतं.

बेसूरपणाचंही तसंच आहे. आपल्याकडे पोरगा गल्लीच्या ऑर्केस्ट्रात बेसूर गायला तर त्याला हौस म्हणतात. पोरगी बेसूर गायली तर ती उठवळ. विसर्जनाच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंती उभ्या राहतात, खिडक्यांची तावदानं थरथरतात, घराघरांतली म्हातारी माणसं कानात बोळे घालून बसतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. ते कुणी किती पाळतं हे आपण सगळे जाणतो. त्या आवाजापुढं नाचणारी बहुतेक मुलं, आणि गॅलरीतून बघणाऱ्या बहुतेक मुली. नव्वदच्या दशकात अमेरिकेत 'बिकिनी किल' या पंक बँडची गायिका कॅथलीन हॅना कार्यक्रमात मुलींना पुढं बोलवायची आणि पुरुषांना मागं सरकायला सांगायची. मला त्या प्रथेचं महत्त्व आमच्या गॅलरीत उभं राहून कळलं. आवाजाचा त्रास होतो म्हणून मुलींचा बँड बंद करायचा असेल तर आधी डॉल्बी बंद करा. आवाज सगळ्यांना सारखाच मोजा. त्या सभागृहात मुलींचा अँप होता दहा वॉटचा.

शब्दांबद्दल बोलणं झालं तेव्हाही मी हेच म्हणाले. अश्लीलतेचा कायदा आहे, तो गाणाऱ्याचं लिंग बघत नाही. त्या गाण्यात एक शिवी होती. तीच शिवी त्याच स्नेहसंमेलनात मुलांच्या नाटुकल्यात दोनदा आली होती आणि हशा पिकला होता.

एक आक्षेप मात्र मी हलका धरत नाही. मुलींचं पुढं काय होईल, हा. ही आईची भीती आहे आणि ती खरी आहे. श्रीनगरमध्ये दहावीतल्या तीन मुलींनी 'प्रगाश' नावाचा बँड काढला. डिसेंबर २०१२ मध्ये त्या एका स्पर्धेत वाजवल्या, लोकांना आवडल्याही. मग समाजमाध्यमांवर धमक्या आणि घाणेरडा मजकूर सुरू झाला, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये तिथल्या मुफ्तींनी त्यांच्या वादनाविरुद्ध फतवा काढला. खुद्द मुख्यमंत्र्यांनी मुलींची बाजू घेतली, पोलिसांनी गुन्हे नोंदवले. तरीही मुलींनी बँड बंद केला. मी हे उदाहरण भाचीला घाबरवायला सांगत नाही, मोठ्या माणसांसाठी सांगते. मुख्यमंत्री पाठीशी असून भागलं नाही. शेजारीपाजारी, शाळा, नातेवाईक यांच्यापैकी पुरेसे लोक त्या मुलींभोवती उभे राहिले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न मला छळतो. मुलींचा बँड आपल्या देशात चालूच शकत नाही असंही नाही. इटानगरच्या मुलींचा 'द व्हायनिल रेकॉर्ड्स' हा पोस्ट-पंक बँड गावोगाव वाजवून आला. फरक आजूबाजूच्या माणसांत असतो.

म्हणून माझी मागणी सरकारकडे थोडी आणि आपल्याकडे जास्त आहे. महाविद्यालयांनी निवड फेरीत जे घेतलं ते स्टेजवर पूर्ण होऊ द्यावं. नंतर परीक्षकांना हवी तितकी टीका करू द्यावी, पण वाजवण्यावर. मुख्य स्पीकरची कळ एका माणसाच्या कानात कुजबुजून बंद होता कामा नये. गाणं थांबवायचं तर कारण माईकवरून, सगळ्यांसमोर, नाव घेऊन सांगावं. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं तेव्हा सगळं शहर रडलं, मीही रडले. महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेल्या त्या रंगमंचावर ज्या नव्या गोष्टी त्या काळी झाल्या, तशा नव्या गोष्टींना जागा देणं हे त्या अश्रूंना धरून होईल. शहरात गाणं-बजावणं जपणारी देवल क्लबसारखी शतकाहून जुनी संस्था आहे. महिन्यातून एखादी संध्याकाळ कच्च्या, नवशिक्या, मोडक्यातोडक्या मुलींच्या वादनाला कुठल्याही छोट्या सभागृहात मिळाली तर शहराचं काही बिघडणार नाही. तिकीट लावू नका, बक्षीस ठेवू नका. बक्षीस ठेवलं की पुन्हा तयारी आली आणि पुन्हा मुली मागं बसल्या.

सध्या त्या चौघी उद्यमनगरात वाजवतात. ड्रमवाल्या मुलीच्या वडिलांचा लेथचा कारखाना आहे. संध्याकाळी सातला मशीन बंद झाल्या की ते शटर अर्धं खाली ओढतात आणि बाहेर स्टुलावर चहा घेऊन बसतात. आत ऑइलचा वास, जमिनीवर लोखंडाचा कीस, आणि कोपऱ्यात पोत्यावर ठेवलेला तो दहा वॉटचा अँप. मागच्या आठवड्यात मी तिथं गेले होते. भाचीनं पिशवीची चेन ओढली, गिटार गळ्यात अडकवली, खुंट्या पिळून सूर लावला. माझ्या कानाला पंचम किंचित उतरलेला वाटला, मी तसं सांगितलं. तिनं पुन्हा पिळला. मग ते दुसरं गाणं पूर्ण ऐकलं, पहिल्यांदाच पूर्ण. संपल्यावर चौघी माझ्याकडे बघत राहिल्या.

मी सांगितलं की ड्रम पळतोय. दुसऱ्या कडव्यात शब्द फार झालेत, दोन ओळी काढा, बाकीच्यांना धार येईल. आणि गिटार तिसऱ्या जागेवर जाताना अर्धी मात्रा उशीर करते, दर वेळी तिथंच, म्हणजे तो हाताचा दोष आहे, बोट आधीपासून तयार ठेवायला पाहिजे. भाचीनं ते ऐकून घेतलं, मान हलवली, आणि तिसरी जागा एकटीच दहा-बारा वेळा वाजवून बघितली.

"मावशी, आता बघ, आता आलो बघ बरोबर," ती म्हणाली. ड्रमवालीनं काठ्यांवर चार आकडे मोजले.